जेवण लागणार नाही

कॉटनवुड रोड, बेकर्सफिल्ड
दि. ९ ऑक्टोबर २०१७

ती. व्हर्नेलताईस,
धाकट्या ओथाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशिराबद्दल रागावू नकोस. आधी चष्मा हरवला. चष्मा सापडला तर टपालाची तिकिटं सापडेनात. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही. तेव्हा पत्रच बरं. अक्षर लागत नसेल तर शेजारणीकडून वाचून घे, पण माझा गुडघा पुन्हा सुजलाय हे तिला वाचू देऊ नकोस. ती सगळ्या लुइझियानाभर सांगेल.

डेसाच्या शाळेचं तू विचारलंस. लट्रीसने लेकीसाठी दोन वर्षं सोडतीच्या चिठ्ठीत नाव टाकलं होतं, तेव्हा कुठे यंदा पोरीचा नंबर लागला. शाळेचं नाव रायझिंग फील्ड अकॅडमी. चार्टर शाळा, म्हणजे पैसा सरकारचा आणि चालवणारे दुसरे. म्हणून सरकारी शाळेचे सगळे नियम हिला लागू नाहीत. जुन्या फर्निचरच्या दुकानात भरते. खिडकीवर अजून पलंगांची जाहिरात पुसट दिसते. पण शिकवतात छान. आपली पणती तिसरीत आहे आणि माझ्यापेक्षा अवघड शब्द वाचते. यात काही विशेष नाही असं तू म्हणशील, ते मला ठाऊक आहे.

आता एक अभिमानाची गोष्ट. सरकारी शाळेत गरिबाच्या मुलाला दुपारचं जेवण फुकट द्यावंच लागतं. या शाळेला तशी सक्ती नाही. सप्टेंबरात शाळेने घरोघरी एक कागद पाठवला. त्यावर दोन चौकटी. मुलाला शाळेकडून जेवण लागेल, किंवा लागणार नाही. त्याआधी गावच्या सभेत एक गृहस्थ म्हणाले होते म्हणे, की कॉटनवुड रोडची माणसं शाळेत जागा मागतात ती शिकायला नव्हे, जेवायला. ते माझ्या फार मनाला लागलं. दोन दिवस छातीत धडधडत होतं. डॉक्टर म्हणाला गॅस आहे, पण गॅस नव्हता.

रविवारी मी पांढरे हातमोजे घालून माउंट नेबो चर्चच्या दारात उभा राहिलो. अशर मंडळाचा मी प्रमुख, लोकांना जागेवर नेऊन बसवणं हे माझं काम, तेव्हा प्रत्येकजण माझ्यासमोरूनच जातो. शाळेत मुलं असलेल्या आपल्या चर्चच्या एकसष्ट घरांना मी पेन दिलं आणि कागद तिथेच भरून घेतला. एकसष्टच्या एकसष्ट कागदांवर खूण झाली, लागणार नाही. रोशेल नावाची एक तरुण बाई आहे, तिला तीन मुलं. तिचा हात थोडा थांबला होता. मी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग तिनेही केली. सोमवारी मी स्वतः गठ्ठा शाळेत नेऊन दिला. मुख्याध्यापिका मिस हॉलब्रुक यांनी हात मिळवला. बोलू देत आता त्या गृहस्थाला.

थंडी पडायच्या आत तुझ्या छपराचं बघून घे. लोभ आहेच, माझ्या अक्षरामुळे तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
ओथा

•

न्यूलाइट, लुइझियाना
दि. २१ ऑक्टोबर २०१७

चि. ओथास,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि एक कानपिचकी.

पत्र मीच वाचलं. शेजारीण बहिणीकडे गेली आहे, तेव्हा तुझा गुडघा सुखरूप आहे. छप्पर ठीक. माझं रक्त घ्यायला आलेल्या पोरीला शीर सापडेना, तर तिने मलाच विचारलं कुठे आहे म्हणून.

तुझ्या अभिमानाची गोष्ट दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली ती पहिल्यांदा विश्वास बसला नाही म्हणून. तुला सहावीपुढे शाळा मिळाली नाही हे मला माहीत आहे, पण बेरीज तर येते ना तुला? एकसष्ट घरं, आणि एकाही घरात पोर उपाशी नाही? असा मोहल्ला मी तरी पाहिलेला नाही. मी तिकडे तीस वर्षं काढली आहेत, हे विसरू नकोस.

आणि तुला हे काम सांगितलं कोणी? दारात उभं राहून लोकांना बसवायचं, इतकंच तुझं काम. त्यांच्या घरातल्या चुलीवर झाकण ठेवायचं नाही.

एक सरळ प्रश्न विचारते. लट्रीस पहाटे साडेचारला गाजरं धुवून भरायच्या शेडवर कामाला जाते. मग डेसाचा डबा कोण भरतं? आणि त्यात काय असतं? पुढच्या पत्रात तेवढंच लिही, छातीचं नको.

डेसाला माझा पापा. माया तशीच आहे, फक्त आज जरा तिखट लागेल.

तुझी ताई,
व्हर्नेल

•

कॉटनवुड रोड
दि. १२ नोव्हेंबर २०१७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. उत्तर मला माहीतच नव्हतं. डबा डेसा स्वतः भरते. मी सकाळी उठतो तोवर ती दप्तर पाठीला लावून दारात उभी असते. मी तिला शाळेपर्यंत चालत नेतो, तीन वाजता परत आणतो. डबा जड आहे की हलका, हे मी कधी पाहिलं नाही.

ऑक्टोबरच्या चोवीस तारखेला शाळेतून चिठ्ठी आली. डेसाला तिसरा काळा शेरा मिळाला. दुपारच्या वाचनाच्या तासाला ती बाकावर डोकं टेकवते. सहा शेरे झाले की आईला बोलावतात आणि ही शाळा या मुलाला योग्य आहे का, यावर बोलणं होतं. बोलणं होतं म्हणजे काय होतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. लट्रीसने चिठ्ठी वाचून फ्रिजला लावली. भांडी मात्र फार जोरात घासली.

मी डेसाला विचारलं, तर म्हणाली झोप येते. डब्यात काय असतं विचारलं, तर म्हणाली जे असतं ते असतं. ही उत्तर द्यायची तऱ्हा तुझ्यावर गेली आहे. मग मी डबा उघडून पाहिला. खाऱ्या बिस्किटांचा चुरा आणि मोहरीच्या चटणीची एक पुडी. महिन्याचा शेवटचा आठवडा होता. लट्रीसला वाटत होतं की मी भरतो. मला वाटत होतं की ती भरते. आणि पोर दोघांनाही सांगत नव्हती.

ताई, मी एकोणतीस वर्षं सरकारी शाळेत झाडलोट केली. जेवणाच्या खोलीतली पिंपं रोज माझ्या हातून रिकामी व्हायची. त्या कामात माणूस जे शिकतो ते पुस्तकात नसतं. भरल्या पोटाचं मूल पावाच्या कडा टाकतं. सफरचंद अर्धं खातं. दूध सांडतं. शुक्रवारी मी डेसाला आणायला तासभर आधी गेलो आणि शाळेमागच्या गल्लीत जाऊन पिंपाचं झाकण उघडलं. झाडणारी बाई पाहत होती. तिला वाटलं असेल म्हातारा बाटल्या गोळा करतोय. दोनशे मुलांचा कचरा आणि त्यात पावाची एक कड नाही. सफरचंदं बियांपर्यंत कुरतडलेली. चटणीच्या पुड्या दातांनी ओढून सपाट केलेल्या. मी झाकण पुन्हा लावलं.

मग तसाच मिस हॉलब्रुककडे गेलो. त्या नम्रपणे बोलल्या. म्हणाल्या, शाळेला स्वयंपाकघर नाही. मी म्हटलं, आमच्या शाळेतही नव्हतं, मोठ्या स्वयंपाकघरातून ट्रक यायचा. त्यावर त्यांनी कपाटातून गठ्ठा काढला. पालकांनीच सांगितलंय म्हणाल्या, आणि तुम्हीच तर आणून दिलात. सगळ्यात वर माझाच कागद होता. त्यावर माझी सही, एवढी मोठी.

तरीही मला एक कळत नाही, तू मला समजाव. आपण गरीब होतो, पण कुणाचं फुकट खाल्लं नाही, आणि उपाशीही राहिलो नाही. आपली आई, मामा, रोज आपल्या दोघांना काकवीच्या रिकाम्या डब्यात जेवण भरून द्यायची. मग आताच्या लोकांना का जमू नये? हा विचार मनातून जात नाही आणि पोरीचा डबाही डोळ्यांसमोरून जात नाही. रात्री अंगावर पुरळ उठलंय.

तुझ्या आशीर्वादाची गरज आहे. जरा जास्तच पाठव.

ओथा

•

कॉटनवुड रोड
दि. २० नोव्हेंबर २०१७

ती. स्व. आत्याआजीस,
लट्रीसचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आजोबांना कळू न देता लिहिते आहे. तुमचा त्यांच्यावर जितका वचक आहे तितका देवाचाही नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते.

त्यांना आवरा. त्यांनी जानेवारीच्या सभेत बोलायला नाव दिलंय. शाळेचं मंडळ दोन महिन्यांतून एकदा बसतं, आणि कोणालाही दोन मिनिटं बोलता येतं. डेसाचे चार शेरे झालेत. या शाळेसाठी मी दोन वर्षं चिठ्ठीत नाव टाकलं. प्रवेशाच्या वेळी सही केली आहे की आमचं घर शाळेच्या वातावरणाला साथ देईल. आजोबा उभे राहून भांडले तर साथ दिली असं कोणी म्हणणार नाही.

तुम्हाला वाटेल मला पोरीच्या पोटाचं काही नाही. आता मी आदल्या संध्याकाळी डबा भरून फ्रिजमध्ये ठेवते. महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत भरपूर असतो. चौथ्यात मी माझा डबा तिला देते आणि शेडवरची गाजरं खाते. माझी बोटं नारिंगी झाली आहेत, मैत्रिणी हसतात. हे आजोबांना सांगू नका. मी निभावते आहे. माझी पोर शिकून या गाजरांतून बाहेर पडली की झालं. तोवर मला कोणाच्या नजरेत यायचं नाही.

ते तुमचं ऐकतील. एक कडक पत्र लिहा. तुमच्या मायेवर माझा हक्क आहे असं समजून मागते.

आपली,
लट्रीस

•

न्यूलाइट
दि. १ डिसेंबर २०१७

चि. ओथास आणि चि. लट्रीसला, दोघांना एकत्र,
अनेक आशीर्वाद.

एकाच पाकिटात लिहिते, कारण तुम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांपासून डबे लपवता. लट्रीस, रागाव माझ्यावर. गाजरांचं मी सांगणारच होते. ओथा, तिची बोटं बघ.

लट्रीसने मला कडक पत्र लिहायला सांगितलं आहे. हे घ्या.

ओथा, आपण उपाशी राहिलो नाही असं तू लिहिलंस. तू राहिला नाहीस. तुझ्या डब्यात चुलीतला जाड पाव असायचा, काकवीत बुडवलेला. घरात पीठ एका पावाचं असायचं आणि लेकरं दोन होती. माझा डबा रिकामा असायचा. मामा त्याचं झाकण हातोडीने बसवायची, वाटेत पडून उघडू नये म्हणून. आवाज यावा म्हणून आत हिकरीचं एक अक्रोडासारखं टणक फळ टाकायची. शाळेत दुपारी मी मुलींच्या रांगेत भिंतीकडे तोंड करून बसायची आणि तोंड हलवायची. सगळ्याच भिंतीकडे तोंड करून बसायच्या. तेव्हा मला वाटायचं लाजतात. आता वाटतं, निम्म्या तरी माझ्यासारख्याच तोंड हलवत असतील. एकीनेही झाकण उघडलं नाही, म्हणून एकीलाही कळलं नाही. दोन हिवाळे असं चाललं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. मास्तरीण म्हणायची व्हर्नेलचं गणितात डोकं चालत नाही. दुपारी गणित असायचं.

मामाला दोष देऊ नकोस. तिनेही चर्चमध्ये कोणाला सांगितलं नाही. चर्चमध्येही कोणी विचारलं नाही. दारात तुझ्यासारखाच एक उभा असायचा, पांढरे हातमोजे घालून.

हे मी आभार मानून घ्यायला लिहीत नाही. अडुसष्ट वर्षं सांगितलं नाही, पुढेही सांगितलं नसतं. पण तू ते एकसष्ट कागद गोळा केलेस आणि वर मला मामाच्या डब्याचा दाखला दिलास, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तर माझं कडक सांगणं असं. ते कागद परत आण. शाळा देत नसेल तर नवे भर. लट्रीस, तुला कोणाच्या नजरेत यायचं नाही हे मला कळतं. मीही कोणाच्या नजरेत आले नाही. त्यात मला काय मिळालं ते वर लिहिलंय.

दोघांवर जीव आहे. तो आहे म्हणूनच बोलते.

व्हर्नेल

•

कॉटनवुड रोड
दि. १९ जानेवारी २०१८

ती. स्व. आत्याआजीस,
शि. सा. न. वि. वि.

आजोबांचा हात थरथरतोय म्हणून मी लिहिते. काळजी करू नका, रक्तदाब ठीक आहे, मीच मोजला.

तुमचं पत्र आल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी रागावले, की आता घरात तिसरा उपाशी नको. मग जेवले. नंतर रोशेलकडे माफी मागायला गेले. तिने दारातच ऐकून घेतलं. म्हणाली, तेव्हा तुमची नजर होती म्हणून खूण केली, आता तुमची नजर आहे म्हणून पुसू का? आणि दार लावलं. आजोबा परत येताना म्हणाले, बरोबर बोलली.

काल सभा झाली. धुकं इतकं होतं की रस्त्यापलीकडचं दिसत नव्हतं, तरी खोली भरली होती. आजोबा रविवारचा काळा सूट आणि पांढरे हातमोजे घालून आले. हातात कचऱ्याची काळी पिशवी. मला वाटलं जमीन दुभंगावी. मी त्यांच्याशेजारी बसले नाही, आत्याआजी. मागे, भिंतीजवळ बसले. हे तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते.

अध्यक्ष बाईंनी आधीच वाचून दाखवलं की एकशेचाळीस कागदांपैकी एकशेचौतीस कागदांवर जेवण लागणार नाही असं आहे, आणि पालकांच्या मताचा शाळा आदर करते. मग आजोबांचं नाव पुकारलं. त्यांनी मंडळाच्या टेबलावर एक धुतलेली पांढरी चादर पसरली. पिशवीतून एकेक वस्तू काढून तिच्यावर मांडली, चर्चमध्ये प्रार्थनेचं पुस्तक हातात देतात तशी. सफरचंदाच्या बिया. चाटून पुसलेले दह्याचे कप. सपाट पुड्या. एका बाईने नाकाला रुमाल लावला. त्यांनी तिच्यासाठी थांबून मग पुढची वस्तू काढली.

त्यांनी सांगितलं की त्यांनी एकोणतीस वर्षं मुलांचं उष्टं उचललं आहे, आणि या चादरीवर पावाची एक कड कोणी दाखवून द्यावी. वेळ संपल्याची घंटा वाजली. अध्यक्ष बाईंनी आभार मानले. आजोबा बसले नाहीत. पुढचं मी त्यांच्याच शब्दांत लिहिते.

ते म्हणाले, "त्या कागदावर मी खोटं लिहिलं. एकसष्ट जणांना लिहायला लावलं. माझ्या घरातली पोर उपाशी आहे. तिला जेवण लागेल."

आपले पाद्री जमिनीकडे पाहत होते. मंडळाने सांगितलं की जुने कागद परत मिळणार नाहीत. पण मार्चअखेर निम्म्या घरांनी, म्हणजे सत्तर घरांनी, नवा कागद भरून दिला तर जेवणाच्या ट्रकचा विचार करता येईल. आजोबांनी तिथेच एक कोरा कागद मागितला. उभ्याउभ्याच भरला. पण नव्या कागदावर आता सही आईचीच लागते.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मला कोणाच्या नजरेत यायचं नव्हतं, आणि तेव्हा आख्खी खोली माझ्याकडे पाहत होती. मी उठले, पुढे गेले आणि सही केली. माझ्या बोटांकडे अध्यक्ष बाई पाहत राहिल्या. पाहू देत.

आता अंथरुणात पडून ते विचारतात, की चादर परत आणली का. आणली आहे, धुवायला टाकली आहे.

आशीर्वादाची वाट पाहते. मागे बसल्याबद्दल रागवायचं असेल तर तेही लिहा.

लट्रीस

•

कॉटनवुड रोड
दि. २५ फेब्रुवारी २०१८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हात आता बरा आहे. पोट नाही, पण ते राहू दे.

सभेनंतरच्या रविवारी पाद्रीबुवांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, मी सगळ्या मंडळीला उघडं पाडलं, थोडे दिवस विश्रांती घ्यावी. मी हातमोजे काढून त्यांच्या हातात दिले. आता मी बाकावर बसतो. मला तिथे कोणी नेऊन बसवत नाही, माझा मीच बसतो. बावीस वर्षं उभं राहिल्यावर बसून उपदेश ऐकणं फार अवघड, झोप येते. डेसा कोपराने ढोसते.

तीन आठवड्यांत फक्त अकरा कागद आले. तेही कसे? संध्याकाळी मागच्या दाराला टकटक व्हायची. कोरा कागद आहे का, म्हणून विचारायचे, आणि कोणाला सांगू नका म्हणायचे. मी अकरा दिले. मग मला तुझी ती भिंत आठवली. बाराव्याला मी सांगितलं की मागच्या दाराने मिळणार नाही. पुढे ओसरीवर टेबल मांडलंय, दुपारी बारा ते एक, रस्त्यावरून दिसतं. ज्याला हवा त्याने तिथे यावं. तो मला काय म्हणाला ते मी लिहीत नाही, तू कट्टर बॅप्टिस्ट आहेस, तुला शिव्या चालत नाहीत. पाच दिवस मी टेबलापाशी एकटा बसलो. कुत्री येऊन गेली. लट्रीस म्हणाली, तुमच्या हट्टापायी सत्तर कधीच होणार नाहीत. मलाही तेच वाटत होतं, पण मी टेबल आत घेतलं नाही.

त्याच आठवड्यात डेसाचा सहावा शेरा झाला आणि लट्रीसला बोलावणं आलं. मी सोबत गेलो. मिस हॉलब्रुक यांनी दार लावून घेतलं. वाईट बाई नाही ती, ताई. तिने सांगितलं की शेरे पुसता येतील. डेसाला रोज दुपारी ऑफिसात जेवण मिळेल, त्या स्वतः आणतील, कोणालाही कळणार नाही. फक्त आम्ही हा कागदांचा विषय थांबवावा, कारण त्यामुळे शाळेचं नाव खराब होतंय.

मला खरं सांगायचं तर घ्यावंसं वाटलं. पोरीची जागाही राहते, पोटही भरतं. मी म्हातारा, दमलेला माणूस. मी लट्रीसकडे पाहिलं. मला वाटलं ती रडेल. शेरे नकोत, नजर नको, असं म्हणणारी ती.

ती म्हणाली, "माझी मुलगी दार लावून जेवणार नाही. जागा काढायची तर काढा, आणि का काढली ते कागदावर लिहून द्या."

मिस हॉलब्रुक यांनी लिहून दिलं नाही. विचार करून कळवते म्हणाल्या.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, पण त्या ऑफिसच्या भिंती फर्निचरच्या दुकानाच्या, पुठ्ठ्याच्या. दुसऱ्या दिवशी बारा वाजता मदर अर्लीन आल्या. तू त्यांना ओळखतेस, सगळं चर्च त्यांना मानाने मदर म्हणतं, पहिल्या बाकावर बसतात, एक्क्याऐंशी वर्षांच्या, जांभळी टोपी. पाद्रीही त्यांच्यासमोर हळू बोलतात. त्यांची पणतवंडं त्याच शाळेत आहेत, दोघं. रस्त्याच्या मधोमध काठी टेकत आल्या. खुर्ची रस्त्याकडे तोंड करून लावायला सांगितली. मग म्हणाल्या, माझे डोळे ठीक आहेत पण तू वाच, आणि मोठ्याने वाच. मी वाचलं. त्यांनी आणखी मोठ्याने वाचायला सांगितलं. समोरच्या घराचा पडदा हलला. त्यांनी सावकाश खूण केली, नातसुनेची सही बाकी ठेवली, आणि जाताना म्हणाल्या की कॉफी असती तर अजून थोडा वेळ बसले असते.

आता रोज कॉफी ठेवतो. काल छत्तीस झाले. रोशेलने माझ्या ओसरीला पाय लावला नाही. तिने कागद टपालाने थेट शाळेत पाठवला, आणि रस्त्यात भेटली तेव्हा मला तसं तोंडावर सांगितलं. मला फार बरं वाटलं.

शेरे अजून आहेत. जागा आहे की नाही ते माहीत नाही. डेसा रोज शाळेत जाते. कोणी जाऊ नकोस म्हणेपर्यंत जाणार.

माया ठेव. या खेपेला मी मागत नाही, सांगतोय.

ओथा

•

कॉटनवुड रोड
दि. ९ एप्रिल २०१८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मार्चच्या तीस तारखेला त्र्याहत्तर कागद झाले. मी चारदा मोजले, लट्रीसने एकदा. मंडळाने ठराव केला, पण जूनपर्यंतच. जूनमध्ये पुन्हा विचार करणार म्हणे. डेसाचे शेरे पुसले नाहीत, ते वर्षभर राहणार. जागा मात्र राहिली. मिस हॉलब्रुक यांनी पत्रात लिहिलं की हा अपवाद आहे. असू दे. जूनमध्ये मी जिवंत असेन, तर टेबल पुन्हा मांडीन. नसेन तर लट्रीस मांडेल. तिने मला तसं सांगितलंय आणि माझ्या टेबलाची जागाही बदलली आहे, तिथे सावली जास्त आहे म्हणे.

आज सोमवार, ट्रकचा पहिला दिवस. मी साडेअकरालाच कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. मला सारखं वाटत होतं, ट्रक येणार नाही, टायर फुटेल, चालक रस्ता चुकेल. साडेबाराला आला. शाळेच्या मागच्या आवारात लांब टेबलं मांडली होती. जेवण सगळ्यांना एकाच रांगेत, कोण कागदवालं आणि कोण नाही ते कळत नव्हतं. थाळीत घेवडा, मक्याचा पाव, कोंबडीचा तुकडा आणि एक संत्रं. घेवडा थंड होता, असं नंतर कळलं. डेसाने तक्रारही केली आहे, लेखी करणार म्हणते.

रांगेत उभी असताना तिने मला पाहिलं. मैत्रिणी आजूबाजूला होत्या. तिने कमरेशी हात धरून, कोणाला दिसणार नाही असा, मला इशारा केला, की जा आता घरी. आतून एक शिक्षकही आले आणि म्हणाले की आजोबा, पालकांनी इथे थांबायचं नसतं, नियम आहे.

मी कुंपण धरून उभाच राहिलो. तिने बसून पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग बाजूच्या मुलीशी बोलायला लागली आणि बोलता बोलता पावाची कड थाळीत टाकून दिली. शिक्षकांनी पुन्हा सांगितलं. मी त्यांना म्हटलं, नियम मला कळला, पण पोरीचं जेवण अजून व्हायचंय.

ते झाल्यावर गेलो.

लोभ आहेच ताई, आणि आता तुझ्याशी भांडायलाही जोर आलाय. लवकर लिही.

तुझा,
ओथा